पहिला घास भिंतीकडे

शांतवनकाका भिंगारदिवे कचोरीचा पहिला घास भिंतीकडे तोंड करून खातात. कचोरीचाच नव्हे, भेळेचा, भज्याचा, जिलबीचा, उन्हाळ्यात कुल्फीचासुद्धा. हातात द्रोण आला की दुकानदाराकडे पाठ फिरवायची, समोर भिंत, शटर, विजेचा खांब, जे काय असेल त्याच्याकडे बघत घास तोंडात घालायचा आणि सावकाश चावत राहायचं. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा रुसला की काय. मलाही वाटलं होतं. विचारलं तर म्हणाले, "बाई, खाताना करणाराचं तोंड दिसलं की माणूस खोटं बोलतो. भिंतीला काय वाटायचंय?"

घास गिळून झाला की काका वळतात आणि निकाल देतात. उभा जन्म त्यांनी एसटी स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांची घोषणा केली, त्यामुळे निकालही त्याच भाषेत. "गाडी वेळेवर हाय" म्हणजे पदार्थ जमलाय. "गाडी लेट हाय" म्हणजे काहीतरी कमी पडलंय, शोधा. आणि "गाडी रद्द" म्हटलं की त्या रात्री त्या दुकानदाराला जेवण जात नाही. आवाज अजून स्टँडवरचाच आहे. नगरच्या आडते बाजारात बोलले तर दाळमंडईतली माणसं मान वर करतात.

घास आणि निकाल यांच्या मधला वेळ मात्र वाईट. काकांची पाठ, पाठीमागे झारा उचलून तसाच थांबलेला माणूस, कढईत गरजेपेक्षा लाल होत चाललेली भजी, आणि गप्प झालेली गिऱ्हाइकं. आमच्या शाळेत वार्षिक निकालाच्या दिवशी एवढी शांतता नसते.

मी शिक्षिका. गाव जामखेडकडचं. बदली होऊन नगरजवळच्या शाळेत आले आणि माळीवाड्यामागच्या एका बोळात खोली घेतली. शेजारचं दार काकांचं. पहिल्याच संध्याकाळी मी भेळेचं पार्सल घेऊन घरी येत होते. काका दारात उभे होते. पायांत कॅनव्हासचे बूट, हातात छत्री, आणि आभाळात ढगाचा तुकडा नाही. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "कधी गेली?"

"कोण?"

"भेळ. बांधून घेतली तवाच गेली असंल. उद्या संध्याकाळी तयार राहा. जिती दाखवतो."

तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर बाजारात जाऊ लागले. जायचं पायीच. रिक्षावाल्याने नुसता वेग कमी केला तरी काका छत्री अशी आडवी धरायचे की तो मुकाट्याने पुढे जायचा. "चाकावर बसून बाजार दिसत न्हाई. बाजार पायाला कळतो." कुठे बसून खायचं नाही. खाताना मोबाईल काढायचा नाही. आणि एका दुकानाची चव दुसऱ्या दुकानात सांगायची नाही, "ती चुगली हुती."

आडते बाजारात शिरलं की मिरचीचा खाट नाकात बसायचा, पुढे गुळाच्या ढेपांचा जडसा गोड वास, मग दाळमंडईत भरड्याचा आणि पोत्यांचा, आणि तेलीखुंटाकडे वळलं की तळणीचा. मी हे बोलून दाखवायची. काका मान हलवायचे. ते मात्र दुसरंच सांगायचे. "ऐका, कढई कशी बोलती. बारीक आवाज आला म्हंजे तेल तापलेलं हाय." "हे बघा, जिलबीवरचा पाक कसा चमकतोय." मला वाटायचं, केवढी ही बारकाई. एकदा दाळमंडईच्या तोंडाशी गटार फुटलं होतं. सगळी माणसं नाकाला पदर, रुमाल, जे सापडेल ते लावून पळत होती. काका त्याच्या मधोमध उभे राहून मला मुगाच्या भज्यांत मूग किती भिजवावेत ते समजावत होते. मी मनात म्हटलं, एसटीत नोकरी केलेला माणूस, ह्यांना कशाचं काही वाटत नसणार.

त्यांच्या जिभेची कीर्ती बाजारात जुनी होती. गोरखशेठ कचोरीवाले स्वतः सांगायचे. त्यांच्या वडिलांच्या काळात एकदा हिंगाची डबी बदलली होती. कुणाला कळलं नाही. काका वळले आणि म्हणाले, "गाडी तीच हाय, ड्रायव्हर बदललाय." वडिलांनी त्याच दिवशी ती डबी परत केली. हे सांगताना गोरखशेठ दर वेळी काकांच्या पाया पडल्यासारखे वाकायचे आणि लगेच पुढची कचोरी द्यायचे. काका भिंतीकडे वळायचे. गोरखशेठचा चेहरा पांढरा पडायचा.

अशा माणसाच्या बाबतीत मला जे कळलं, ते एका रविवारी सकाळी कळलं.

मी अंगणात कपडे वाळत घालत होते. काका नऊच्या उपासनेला चर्चमध्ये जातात, त्यामुळे रविवारी त्यांच्या घरातून इस्त्रीचा आणि दूध उकळल्याचा आवाज येतो. त्या दिवशी आवाज नव्हता. वास होता. आधी मला वाटलं, बोळातून कुणाचा तरी टेम्पो गेला. मग लक्षात आलं, गॅस. काकांच्या खिडकीतून येत होता, आणि थोडाथोडका नव्हता.

मी दार ढकललं. उघडंच होतं. आत तो वास असा भरला होता की डोळ्यांत पाणी आलं. काका पांढराशुभ्र शर्ट घालून ओट्यापाशी उभे होते. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि ते फडक्याने ओटा पुसून घेत होते. मला बघून त्यांना आनंद झाला. "या बाई. बरं झालं आला. थांबा, च्या टाकतो." आणि त्यांनी खिशातून काडेपेटी काढली.

"काका, काडी ओढू नका."

"का?"

"ओढू नका. ती पेटी माझ्याकडे द्या."

काडी पेटीला टेकलेली होती. काका माझ्याकडे बघत होते आणि त्यांना खरोखरच काही कळत नव्हतं. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला, तेव्हा काडी खाली पडली. रेग्युलेटर बंद केला, दोन्ही खिडक्या उघडल्या, त्यांना दंडाला धरून अंगणात आणलं आणि पायरीवर बसवलं. मग मीही शेजारी बसले.

आत पडदा हलत होता.

"तुम्हाला वास नाही आला?" मी विचारलं.

काका बुटाच्या नाडीकडे बघत होते. "न्हाई येत."

"कधीपासून?"

"कोरोनाच्या तापापास्नं. मी आन् मार्था दोघं बी दवाखान्यात हुतो. मी घरी आलो, ती आली न्हाई. आठ-पंधरा दिवस मला काय कळलंच न्हाई. मग एक दिवस कांदा चिरत हुतो आन् डोळ्याला पानी येतंय, पन वास न्हाई. म्हटलं, येईल. डॉक्टर बी म्हनले, येईल." त्यांनी नाडी सोडली आणि परत बांधली. "जाताना नाक संगं घेऊन गेली म्हनायचं."

मार्थाकाकूंना मी पाहिलेलं नाही. काकांच्या घरात त्यांचा एक फोटो आहे, तेवढीच ओळख.

"मग बाजारात? तुम्ही निकाल देता ते?"

"मीठ कळतं. तिखट कळतं. आंबट-गोड कळतं. कुरकुरीत हाय का मऊ पडलंय ते दाताला कळतं." ते थांबले. "बाकीचं आठवतं. गोरखशेठची कचोरी कशी लागायची ते आठवतो आन् सांगतो. आन् भिंत हाय की पुढं. तोंड कुणाला दिसतंय?"

काकांनी माझा हात धरला. "बाई, बाजारात बोलू नका. मी निकाल द्यायला जातो म्हनून मला तिथं कुनी हाक मारतं. न्हाईतर मी कोन? छत्रीवाला म्हातारा."

मी बोलणार नाही म्हणून कबूल केलं. मात्र शेगडीपाशी गॅसचा वास आला की वाजणारं एक यंत्र आणून लावलं. ते वाजतं का बघायला काका रोज त्याच्यापुढे उभे राहून त्याला "बोल की" म्हणायचे.

हे असंच चाललं असतं. पण त्याच महिन्यात मालनताईंनी काकांना गाठलं.

तेलीखुंटाच्या कोपऱ्यावर वसंतरावांची भेळेची गाडी होती. वसंतराव मागच्या उन्हाळ्यात गेले. त्यानंतर त्यांच्या बायकोने, मालनताईंनी, गाडी चालू ठेवली. तोच कोपरा, तीच परात, तेच डबे. पण गिऱ्हाईक तुटायला लागलं. लोक एकदा यायचे, दोन घास खायचे आणि "वसंताच्या हाताची सर न्हाई" म्हणून निघून जायचे. आम्ही जायचो तेव्हा काका तिथे "गाडी लेट हाय" एवढंच म्हणायचे आणि पुढे चालू पडायचे. काय कमी आहे ते काका का सांगत नाहीत, हे आता मला कळत होतं.

त्या संध्याकाळी मालनताईंनी काकांची वाट अडवली. "काका, लेट हाय, लेट हाय, म्हनता. काय कमी हाय ते सांगत न्हाई. तुमी यांच्या हातची भेळ लई खाल्ली हाय. शनिवारी या. मी चार मानसं बोलवते. सगळ्यांपुढं खा आन् सगळ्यांपुढं सांगा. चांगली हाय तर चांगली, न्हाईतर रद्द. मग मी गाडी विकून माहेरी राहात्याला जाते. माझं हे रोजचं झुरनं तरी थांबंल."

काका त्यांना नाही म्हणू शकले असते. तब्येत बरी नाही म्हणायचं, पावसाचं कारण सांगायचं. ते "येतो" म्हणाले. घरी येईपर्यंत छत्री सारखी ह्या हातातून त्या हातात जात होती.

"बाई," दारात आल्यावर ते म्हणाले, "तुमाला यावं लागंल. माझ्या शेजारी उभं ऱ्हायचं आन् संगंच खायचं. मी भिंतीकडं बघत असनार, म्हनून खुणा चालायच्या न्हाईत. खोकायचं."

"कसं खोकायचं?"

"एक खोकला म्हंजे लेट. दोन म्हंजे रद्द." मग त्यांना ते पटेना. "न्हाई न्हाई. कंडक्टर एक घंटी देतो तवा गाडी थांबती, दोन देतो तवा सुटती. म्हनून एक खोकला म्हंजे बिघडलीय. दोन म्हंजे चांगली. ध्यानात ऱ्हाईल का?"

"काका, पण वसंतरावांची भेळ मी खाल्लेलीच नाही. मला काय कळणार?"

"चांगलं-वाईट तरी कळंल की." एवढं बोलून ते आत गेले. शनिवारपर्यंत ते माझ्याकडे तीन-चारदा येऊन एक की दोन हे पक्कं करून गेले.

शनिवारी तेलीखुंटाला मालनताईंनी गाडी धुऊन पुसून उभी केली होती. परातीला चकाकी होती. चार माणसं म्हणता म्हणता वीस-पंचवीस जमली होती. गोरखशेठ दुकान गड्यावर सोडून आले होते आणि पुढेच उभे होते. मालनताईंनी पातळाचा पदर कमरेला खोचला, मुरमुरे घेतले, कांदा, शेव, शेंगदाणे, चिंचेचं पाणी घालून परात हलवली. पहिला द्रोण काकांना दिला, दुसरा मला.

काका बंद दुकानाच्या शटरकडे वळले. मी त्यांच्या शेजारी. आमच्या मागे कुणी बोलत नव्हतं. एक मोटरसायकल आली, तिलाही कुणीतरी हाताने थांबवलं.

मी पहिला घास घेतला. चिंच बरी होती. तिखट झणझणीत. आणि मग चावता चावता ते आलं. शेंगदाणा. खवट. नीट बघितलं तर शेवेलाही जुन्या तेलाचा वास होता. फार नाही, पण घास गिळल्यावर घशात मागे राहील एवढा.

एक खोकायचं होतं. एका खोकल्यात ती बाई परत माहेरी जाणार होती. मी द्रोणात बघत उभी राहिले. काकांचा जबडा हलायचा थांबला होता. ते वाट बघत होते, त्यांचे कान मला शेजारून दिसत होते.

मी खोकले. एकदा.

आणि त्याच क्षणी ते तिखट माझ्या घशात उतरलं आणि मला दुसरा खोकला आला. दाबायला गेले तर तिसरा आला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

काका गोंधळले. त्यांना तीनचा अर्थ माहीत नव्हता. ते अर्धे वळले, तोंड उघडलं, बंद केलं, आणि मग ज्या आवाजात त्यांनी वर्षानुवर्षं पाथर्डी-शेवगावच्या गाड्या सोडल्या त्याच आवाजात, हळू बोलतोय अशा समजुतीने, मला विचारलं, "बाई, एक का दोन?"

सगळ्या चौकाला ऐकू गेलं.

"काय एक का दोन?" गोरखशेठनी विचारलं.

काका पूर्ण वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तोंडात घास असताना दुकानदाराकडे बघितलं. मालनताई परातीची कड दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. काकांनी घास गिळला. मला वाटलं, आता "वेळेवर" म्हणतील आणि सुटतील. माझा चेहरा त्यांनी बघितला होता तरी म्हणू शकले असते. लोकांना तेच ऐकायचं होतं.

"मला वास येत न्हाई," काका म्हणाले. "कोरोनापास्नं. चव बी न्हाई. मीठ-मिरची कळती तेवढीच. मी ह्या बाईंच्या खोकल्यावर निकाल देनार हुतो. आता खोटं वेळेवर म्हनलो असतो तर आज सगळे खूश झाले असते. आन् उद्या गिऱ्हाईक दोन घास खाऊन निघून गेलं असतं. ते ह्या पोरीला कळलं बी नसतं, का."

कुणीतरी हसलं.

"म्हणजे," गोरखशेठ सावकाश म्हणाले, "माझ्या कचोरीला तुम्ही एवढे दिवस वेळेवर म्हणत होता ते?"

"कुरकुरीत हुती. बाकीचं तुमच्या वडिलांच्या वेळचं आठवून सांगायचो."

"मी मधे हिंग बदलला, शांतवनकाका. स्वस्तातला घेतला. तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून मला वाटलं, बरा आहे. तोच चालवतोय अजून." गोरखशेठचा आवाज चढला होता. "गिऱ्हाईक कुजबुजत होतं, मी त्यांना सांगत होतो, शांतवनकाकांना कळत नाही का?"

"ताई," मी मालनताईंना म्हटलं, कारण कुणीतरी म्हणायला हवं होतं, "शेंगदाणे खवट झालेत. शेवही जुनी आहे."

मालनताईंनी डब्यातले चार दाणे तोंडात टाकले, चावले आणि बाजूला थुंकले. मग परत चार टाकले. "दिसभर ह्याच वासात असते," त्या म्हणाल्या, कुणालाच नाही, "कळलंच न्हाई. गिऱ्हाईक कमी झालं तसा माल पडून ऱ्हायला. पडून ऱ्हायला तसं गिऱ्हाईक कमी झालं." त्यांनी परातीवर फडकं टाकलं आणि डब्यांची झाकणं लावायला घेतली.

माणसं पांगली. हातातला द्रोण कुठे टाकावा ते काकांना सुचत नव्हतं. मी तो घेतला. मग त्यांनी रस्त्यावर हात केला आणि रिक्षा थांबवली. रिक्षावाला ओळखीचा होता, त्याला विश्वास बसेना. काका आत बसले आणि छत्री मांडीवर आडवी ठेवून समोर बघत राहिले. मी शेजारी बसले.

पुढचे कितीतरी दिवस त्यांचं दार संध्याकाळी उघडलं नाही. मी डबा दिला तर घ्यायचे, धुऊन परत करायचे, त्यात काय होतं ते विचारायचे नाहीत. बूट दाराबाहेर पडले होते, त्यांवर धूळ बसायला लागली. मी दोनदा म्हटलं, चला, नुसतं चालून येऊ. ते म्हणाले, "कुठं?" आणि आत वळले. रात्री त्यांच्या घरातला दिवा गेला की मी उगीच खिडकीपाशी जाऊन वास घ्यायची.

मग एका रविवारी दुपारनंतर मालनताई आल्या. हातात दोन पिशव्या होत्या. काकांनी दार उघडलं, त्यांना बघितलं आणि पुन्हा लावायला गेले. मालनताई चप्पल काढून आत शिरल्याच. मला हाक मारली, "बाई, तुमी बी या. तोंड लागंल एक."

त्यांनी ओट्यावर नवे मुरमुरे, ताजी शेव आणि घरी भाजलेले शेंगदाणे काढले. मग म्हणाल्या, "काका, ह्यांची भेळ तुमाला आठवती का? तोंडात गेल्यावर काय काय व्हायचं, ते सांगा."

"मला आता त्यातलं विचारू नको, पोरी."

"वास न्हाई विचारत. आठवतंय का ते विचारते. मी कधी खाल्लीच न्हाई."

"म्हंजे?"

"मी घरी चिंच कोळायची, शेव पाडायची. गाडीवर कधी गेलेच न्हाई. रात्री ह्ये उरलेलं आनायचे ते मऊ पडलेलं असायचं. परातीतली ताजी भेळ गिऱ्हाइकासारखी मी एकदा बी खाल्ली न्हाई. मग मी ती करनार कशी?"

काका खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

"आधी चिंच लागायची न्हाई," ते म्हणाले. "आधी मुरमुरा. नुसता आवाज. मग तिखट, पन जिभेच्या टोकाला न्हाई, गालात. चिंच त्याच्या मागनं यायची, गूळ घेऊन. आन् शेवटी, गिळायच्या टायमाला, भाजल्या जिऱ्याचा वास."

"जिरं?" मालनताई म्हणाल्या. "जिरं घालायचे?"

"पान्यात न्हाई. वरून. चिमटीत चुरडून. कांदा बी शेवटी, वरूनच. हलवायचा न्हाई."

"मी आधीच घालते. मग पानी सुटतं."

"म्हनून मऊ पडती."

अंधार पडेपर्यंत हे चाललं. मालनताई कालवायच्या, मी चाखायची, काका डोळे मिटून ऐकायचे. माझ्या दाताखालचा आवाज ऐकून म्हणायचे, "मुरमुरा अजून भाज." मी म्हणायची, गूळ पुढे येतोय. ते म्हणायचे, "मग पानी आधी टाकलं तिनं. मला दिसतंय." कधी चिडायचे, कधी मालनताई चिडायच्या. एकदा जिरं जळलं आणि काका सोडून आम्हा दोघींना ते लगेच कळलं. शेवटी कुठल्यातरी परातीनंतर मी काही न बोलता दुसरा घास घेतला, मग तिसरा. मालनताईंनी स्वतः एक घास घेतला, चावता चावता खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

आता मालनताईंची गाडी चालू आहे. झुंबड उडते असं नाही, पण माल पडून राहत नाही. गोरखशेठ महिनाभर काकांशी बोलले नाहीत. मग एक दिवस हिंगाच्या तीन पुड्या घेऊन घरी आले आणि माझ्यापुढे धरून म्हणाले, "तुम्ही वास घ्या आणि यांना सांगा. वडिलांच्या वेळचा कोणता ते हे ठरवतील." दोघे त्या पुड्यांवरून तासभर भांडले. काका पुन्हा पायी बाजारात जातात. निकाल देत नाहीत. कुणी जुनं काही करायला घेतलं तर विचारायला येतं, आणि काका ते कसं लागायचं ते सांगतात.

पण त्या रविवारी मालनताई गेल्यानंतर जे झालं ते सांगायचं राहिलं.

मी परात घासून ठेवली आणि निघाले, तर काका म्हणाले, "बाई, थोडं थांबता का?" ते आतल्या खोलीत गेले. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तोंड सुतळीने घट्ट बांधलेलं, गाठीवर गाठ. आत काहीतरी निळं होतं.

"मार्थाचा स्वेटर. दवाखान्यात नेलं त्या सकाळी अंगात हुता. ताप हुता तिला, काढून खुर्चीवर टाकला. मी घरी आलो तवा तसाच बांधून ठेवला. उघडलाच न्हाई. उघडला की उडून जाईल असं वाटायचं. मला तर कळनारच नव्हतं, आन् दुसऱ्या कुनाला विचारायची लाज वाटायची." ते गाठीशी झटत होते. बोटांना जमेना, म्हणून मी सोडवली. "तुमी बघता का? एवढं सांगा फक्त, अजून हाय का."

मी स्वेटर बाहेर काढला आणि तोंडाशी धरला. काका माझ्याकडे इतके एकटक बघत होते की मला श्वास नीट घेता येईना. आधी नुसतं प्लॅस्टिक आलं. मग ओलसर, कोंदट, बंद कपाटासारखं काहीतरी. मी बाह्या हुंगल्या. काही नव्हतं. मी मनात वाक्य जुळवायला लागले होते. मग कॉलर उलटी केली, मानेशी लागते ती बाजू, आणि तिथे होतं. अगदी पुसट. खोबरेल तेल, आणि त्याच्या खाली शिकेकाई.

"आहे," मी म्हटलं. "तेल आहे. शिकेकाई आहे."

"शनिवारी न्हायची ती. चर्चला जायचं म्हनून." काकांचा आवाज अगदी लहान झाला होता. तो एवढा लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "कुठं हाय?"

मी कॉलरचा तो भाग त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नाक लावलं नाही. बोटाने तिथे नुसता स्पर्श केला, जिथे मी दाखवलं तिथेच, आणि बोट बराच वेळ तसंच ठेवलं.

"बरं," ते म्हणाले. मग स्वेटरची घडी केली, कॉलर आतल्या बाजूला येईल अशी, पिशवीत घातला आणि सुतळी माझ्याकडे दिली. "बांधा. घट्ट बांधा. हवा लागंल."